आमच्या खोलीतले स्थानिक आणि स्थलांतरित

रत्नागिरीत आमच्या कॉलेजच्या एका खोलीत आम्ही संगणकाला जीवांची जातकुळी शिकवतो. कोण कोणत्या गटातला, कोणाला कुठला नियम लागू, एवढं सांगितलं की पुढचे निष्कर्ष तो काढतो. याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. आमचे क्लार्क नाना याला सोयरीक म्हणतात. संगणक सांगितलेलं सगळं खरं मानतो आणि माणसं काहीच मानत नाहीत, त्यामुळे किस्से आपोआप साठतात.

पुण्याहून आलेल्या केळकर सरांनी पहिलाच नियम लिहिला : पाण्यातला तो जमिनीवरचा नाही. खेकडा घातल्याबरोबर पडद्यावर सगळं चुकीच्या खुणांनी लाल झालं. सर दुपारभर चुका शोधत होते. शेवटी प्राणिशास्त्राच्या सावंत मॅडमना म्हणाले, "मॅडम, खेकड्याने एक काय ते ठरवायला हवं!"

कोंबडी पक्षी आहे हे संगणकाला पटलं, नानांना नाही. हाताला लागत नाही तो पक्षी, अशी त्यांची व्याख्या. "कोंबडी पक्षी झाली तर वडे कशाबरोबर खायचे?"

नानांची पाली गावात हापूसची बाग आहे. संगणकात हापूस आणि साधा रायवळ आंबा एकाच प्रजातीत बसलेले बघून ते भडकले. मॅडमनी शास्त्र समजावलं. नाना म्हणाले, मग खा रायवळ! त्या वर्षी ऑफिसात नानांची आंब्याची पेटी आली नाही. पुढच्या वर्षी सरांनी प्रजातीखाली 'वाण' असा नवा कप्पा काढून हापूसला वेगळं बसवलं. पेटी आली.

सावंत मॅडमचे मिस्टर नोकरीला मुंबईत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, जाताना "पुढच्या वर्षी कायमचा येतो" म्हणायचे. मॅडमनी वाट बघणं सोडलं नव्हतं, त्याबद्दल बोलणं सोडलं होतं.

एकदा सरांनी नियम लिहिला : बारा महिने इथे तो स्थानिक, हंगामात येऊन परत जातो तो स्थलांतरित. तपासायला मॅडमनी मिस्टरांचं नाव घातलं. पक्षीच हवा, हे लिहायला सर विसरले होते. संगणकाने मिस्टरांना आरे-वारेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या कुरव पक्ष्यांशेजारी बसवलं! आम्ही पोट धरून हसलो. मॅडमही हसल्या, पण नाव काढलं नाही.

यंदा शिमगा झाला आणि मिस्टर परत गेलेच नाहीत. नोकरी सोडून आले होते. मॅडमना न्यायला खोलीवर आले, तेव्हा सर उत्साहाने त्यांना 'स्थानिक'मध्ये हलवायला निघाले.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं नाही. "राहू दे तिथेच. आधी एक पावसाळा काढू दे त्यांना."

बाहेर चैत्रातलं ऊन रणरणत होतं. मिस्टरांनी एकदा तिकडे पाहिलं. मग नानांना म्हणाले, "इथे बाजारात छत्री कुठे बरी मिळते?"