सातव्या महिन्यातली नापास खुर्ची

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात मोजपट्ट्या होत्या, काटकोन तपासायचे गुण्ये होते, पण शेवटचा निकाल एका बाईच्या बसण्यावर लागे. तयार खुर्ची तिच्यापुढे यायची. ती बसायची, पाठ टेकायची, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकायची, मग उठून खुर्ची उलटी करायची आणि तळाला खडूने बरोबरची खूण करायची. किंवा करायची नाही. अकरा वर्षांत तिने नापास केलेली खुर्ची निर्दोष निघाली, असं एकदाही झालं नव्हतं. एकदा तिने मागचा उजवा पाय तोकडा आहे म्हणून सांगितलं, आणि तो खरोखरच तांदळाच्या दाण्याएवढा कमी भरला. तेव्हापासून थोरले मिस्त्री तिच्याशी वाद घालत नसत. मिस्त्री ग्रहणाच्या वेळेवरूनसुद्धा वाद घालत, यावरून काय ते समजावं.

तिला सातवा महिना लागला आणि एका सभागृहाची दोनशे खुर्च्यांची मागणी आली. आधी एक नमुना, तो तिने पास केला की लाकूड कापायचं, असं ठरलं. मिस्त्रींनी आठवडा घालवून नमुना केला. ती जितक्या बेताने बसली, त्याच्या दुप्पट वेगाने उठली.

"टोचतंय."

"कुठे?"

"मधोमध."

मिस्त्रींनी बैठकीवरून हात फिरवला. "ताई, इथे माशी बसली तर घसरून पडेल."

"मी माशी नाही."

प्रकरण असं होतं, की तीन आठवड्यांपासून तिला मूळव्याध होती. पोटातलं बाळ खाली दाबत होतं, लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं आणि उरलेलं काम तिने संडासात जोर लावून स्वतःच केलं होतं. नवऱ्याला अर्धंमुर्धं माहीत होतं. कारखान्यात सांगणं शक्य नव्हतं. दुखणं सांगायला लाजिरवाणं होतंच, पण ज्या अवयवाच्या भरवशावर कारखाना चालतो तोच बिघडलाय हे कळलं, तर आपल्या खुणेला काय किंमत राहील? शिवाय आपलं दुखणं कुठे संपतं आणि खुर्चीचा दोष कुठे सुरू होतो हे आपल्याला कळतं, असा तिचा दावा होता. दावा स्वतःपुढेच मांडलेला असल्यामुळे उलटतपासणी झाली नाही.

मिस्त्रींनी दुसरी खुर्ची केली, बैठक खोलगट. नापास. तिसरीची पुढची कड त्यांनी गोलसर उतरवली. "बरी आहे, पण नाही," ती उभ्यानेच म्हणाली. चौथीला त्यांनी पटाशीने मागून पुढे चांगली चार बोटं रुंद खाच पाडली. हिच्यावर ती जवळजवळ मिनिटभर बसली, आणि मग तिलाच स्वतःचा संशय आला.

"हीपण नाही?" मिस्त्रींनी विचारलं. तिने खडू परत ठेवला. "हात गेला बहुतेक माझा," ते शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, कधीतरी जायचाच. एवढी मागणी झाली की थांबतो. घरी सांगून टाकलंय काल."

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं.

"अगं, म्हणजे तुझं दुखणं त्या म्हाताऱ्याच्या हाताला झालं की."

"अहो, मग काय करू?"

"आधी डॉक्टरकडे चल. मग त्याच्याकडे जा. क्रम चुकवू नकोस."

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर पाच गरोदर बायका होत्या, आणि तिघी एकाच कुशीवर कलून बसल्या होत्या. बाकाच्या चारही पायांवर तिची नजर गेली. बाक सरळ होता.

डॉक्टरबाईंना तपासून काहीच नवल वाटलं नाही, याचा तिला थोडा रागच आला. "काम काय करता?"

"खुर्चीवर बसते."

"दिवसभर?"

"हो, पण एकेकीवर अर्धंच मिनिट."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. भरपूर पाणी, भाज्या, फळं. कुंथायचं नाही. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं कोमट पाण्यात बसायचं. झोपायचं डाव्या कुशीवर. मलम दिलंय तेच लावायचं, शेजारणीचं नाही. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त दिसलं तर लगेच यायचं. "बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप ओसरतं. आणि लाजण्यात इतके आठवडे घालवलेत, तेवढे पुढच्या खेपेला वाचवा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री रंध्याचं पातं फडक्यात गुंडाळत होते.

"मिस्त्री, खुर्ची ठीक होती."

"कुठली?"

"पहिलीसुद्धा. मला मूळव्याध झालीय."

मिस्त्रींनी पातं पुन्हा उलगडलं. "म्हणजे माझा हात?"

"ठणठणीत आहे."

"आणि मी घरी सांगून बसलोय. बायकोने माझ्यासाठी कामांची यादी केलीय, ताई. आता तिला काय सांगू?" ते खरोखर चिंतेत पडले. मग म्हणाले, "तिलाही असायची, प्रत्येक मुलाच्या वेळी. पहिल्याच दिवशी बोलला असतात तर मी लाकूड सोडून उशी शिवली असती."

पंधरा दिवस तिने उभ्याने सांधे तपासले आणि बसण्याचं काम बंद ठेवलं. सोळाव्या दिवशी चारही खुर्च्या मांडल्या गेल्या. पहिली पास. दुसरी पास. तिसरीवर ती बसली ती बसूनच राहिली. पुढची कड उतरवल्यामुळे मांड्यांना रग लागत नव्हती.

"ही सगळ्यांत चांगली. दोनशे अशाच करा."

मिस्त्री पुढे वाकले. "ताई, राग मानू नका. हे तुम्ही बोलताय, की अजून तेच बोलतंय?"

"मी बोलतेय."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतः खडू आणून तिच्या हातात दिला.

खाचेच्या चौथ्या खुर्चीवर मात्र तिने खूण केली नाही. धडधाकट माणसाला ती टोचते, आणि खोटी खूण करायची नाही हे तिने नव्याने ठरवलं होतं. मिस्त्रींनी ती दवाखान्यात पोचवली. तिथे ती कधीच रिकामी नसते.