कन्नडच्या रानातली झाडमोजणी

झाडं मोजायची म्हणजे आकडे गोळा करायचे, असं मला वाटायचं. कन्नड तालुक्यातल्या डोंगरातलं जुनं रान आम्ही मोजलं, त्यातले आकडे मी विसरलो. किस्से तेवढे उरले. टोळी चौघांची. वनस्पतिशास्त्राचे आमचे सर, जीपचे ड्रायव्हर रफिकभाई, पायथ्याच्या वाडीतल्या पारूबाई आणि मी.

*

सरांनी सांगितलं, "खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा." टेपचं एक टोक मी धरायचो, दुसरं पारूबाई. दोन दिवसांनी सरांनी पाहिलं, तर टेप तिरकी.

"बाई, छातीच्या उंचीवर म्हटलं होतं ना?"

"मंग? माझी छाती हितंच हाय."

मी सहा फुटी! दोन दिवसांची झाडं पुन्हा मोजली.

*

एकदा रफिकभाई पाणी घेऊन वर आले आणि एका पोकळ सलईला कान लावून उभे राहिले. "सर, ये झाड अंदर से बोल रा."

"वारा असतो तो," म्हणत सरांनी खोडावर काठी आपटली. मधमाश्या निघाल्या. सरांचा एक डोळा दोन दिवस उघडला नाही.

*

खरा धक्का वहीतले आकडे मांडल्यावर बसला. अंजन, धावडा, मोई, सगळ्यांची जाड खोडं भरपूर, वीतभर रोपंही भरपूर. मांडीएवढ्या जाडीचं झाड जवळजवळ नाहीच. सरांनी वही तीनदा तपासली. "ही म्हातारी झाडं पडली की रान संपलं," ते म्हणाले.

पारूबाई म्हणाल्या, "आमच्या वाडीत दुसरं काय हाय? म्हातारी अन् लेकरं. मधले समदे चितेगावला, कंपनीत."

*

वर्षानं पुन्हा गेलो. मोजलेल्या झाडांवर आम्ही पांढऱ्या रंगानं नंबर घातले होते. आता एकाही झाडावर नंबर नव्हता. साल दगडानं खरवडलेली.

"म्यां खरवडले," पारूबाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर सासऱ्यानं डोळ्यानं पाह्यलं व्हतं. ठेकेदाराच्या माणसांनी नंबर घातले, अन् नंबरची झाडं नेली."

"आता कुठलं झाड कोणतं, हे कळायचं कसं?" सर खाली बसले.

त्या चालू लागल्या. मोजताना सर मोठ्यानं नंबर सांगत, ते त्यांनी ध्यानात ठेवले होते. एकेका खोडाला हात लावून त्या नंबर सांगत गेल्या, मी वहीशी ताडत गेलो. छत्तीसपर्यंत एक चूक नाही.

मग थांबल्या. समोर झाडच नव्हतं. जमिनीलगत कापलेला बुंधा, वर पालापाचोळा लोटलेला.

"हे सदतीस," त्या म्हणाल्या. "ह्याचा नंबर खरवडायला मला एक दिस उशीर झाला."