कंपाउंडरचा निळ्या बाटलीने केलेला घात

कंपाउंडर म्हणजे दीडशहाणा. दवाखान्यातून निवृत्त झाला आणि जुन्या घरांमागचे बुजलेले संडासाचे खड्डे उकरायला लागला. शंभर वर्षांपूर्वी लोक रिकाम्या बाटल्या तिथेच टाकायचे, म्हणून. छंद मलाही तोच. पण हा कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. बाटली सापडली की डोळे मिटून अंगठ्याचं नख तिच्या काचेवर उमटलेल्या साच्याच्या शिवणीवरून वर न्यायचा. शिवण मानेशी संपली तर तोंड हाताने घडवलेलं, बाटली जुनी. ओठापर्यंत गेली तर यंत्राची. "भिंग तुमच्यासारख्यांना लागतं," म्हणायचा. माझं चष्म्याचं दुकान आहे. टोमणा मलाच असायचा.

त्याला आयुष्यात एकच हवं होतं: आमच्या जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात परीक्षकाची खुर्ची. म्हातारे परीक्षक यंदा ती सोडणार होते आणि कंपाउंडरचं नाव जवळजवळ ठरलं होतं. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

यंत्राची एक निळी बाटली घेतली, काचा घासायच्या माझ्या चाकावर तिच्या मानेची शिवण उडवली, चकचकीत केली आणि तो हात धुवायला गेल्यावर त्याच्या खड्ड्यात पुरली. नखाला काही कळलं नसतं. भिंगातून मात्र शेंबड्या पोरानेही ओळखली असती.

प्रदर्शनात तो त्या बाटलीवर पाव तास बोलला. त्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. म्हाताऱ्यांनी भिंग लावलं, चाकाचे ओरखडे पाहिले आणि विचारलं, "कंपाउंडर, घासायला वेळ किती लागला?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. वहिनी उठल्या, त्याची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला घरी." खुर्ची मला मिळाली.

आठ दिवसांनी तो खोकं घेऊन दुकानात आला. खोक्यात बेचाळीस बाटल्या होत्या.

"मी नाही रे घासली. तुला तरी पटतं ना?"

"पटतं," मी म्हणालो. तेवढं एक खरं बोललो.

"मग कुणीतरी पुरली. आणि एक पुरली असेल तर बाकीच्यांचा काय भरवसा? तू भिंगाने बघ. खोट्या निघतील त्या फोडतो. ही म्हणते, घरात नकोत."

मी एकेक बाटली पाहिली. सगळ्या अस्सल होत्या. तीस वर्षांत मला अशा दहासुद्धा सापडल्या नाहीत. आता खरं सांगितलं असतं तर हा माणूस बेचाळीस बाटल्या घेऊन मंडळात परत उभा राहिला असता, आणि मग मी कुठे बसणार होतो?

तीन बाजूला काढल्या. "या खऱ्या."

"आणि या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

दुकानामागच्या मोरीवर त्याने एकोणचाळीस बाटल्या स्वतःच्या हाताने फोडल्या. मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत आवाज ऐकत होतो. मग तो आत येऊन झाडू मागायला लागला, कुणाच्या पायाला काच लागायला नको म्हणून. कोपरा न् कोपरा झाडून काढला. जाताना त्या तीन बाटल्या माझ्या काउंटरवर ठेवल्या.

"तूच ठेव. तुला कळतं त्यातलं."

मी ठेवून घेतल्या.