सुभेदारांची चार वाजताची शिट्टी

सुभेदार नव्या माणसाला नाव विचारत नसत. "उठतोस कवा?" असं विचारत. पाचनंतरची वेळ सांगणाऱ्याशी त्यांचं पुढे फारसं बोलणं होत नसे.

सैन्यातून परतल्यावर दोन एकर ऊस आणि गावातल्या धावणाऱ्या मुली, एवढाच त्यांचा व्याप होता. पलूसजवळच्या आमच्या गावात कारखान्याच्या रस्त्यावर रोज पहाटे पाचला त्यांची शिट्टी वाजे आणि आठ-दहा मुली रांगेत उभ्या राहत. त्यांत माझी लेक शीतलही होती.

शीतलला लहानपणापासून अ‍ॅलर्जी. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे शिंका आणि दम यांचं मला फार कौतुक नाही. दिवाळीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे असे. मग गळीत हंगाम सुरू होई, कारखान्याचं धुराडं धूर ओकू लागे, तोडणी झालेल्या रानांत उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटे आणि ही दुसऱ्या फेरीलाच छाती धरून खाली बसे. सुभेदारांचं निदान ठरलेलं होतं.

"लय लाड केलायसा तुमी, ताई. लडाखला हवाच नसती, तरी आमी पळायचो."

"हवा नसेल, पण तिथे पाचट तरी कोण जाळत होतं?"

उत्तर पटलं की ते मिशीवरून हात फिरवत आणि विषय बदलत. वेळ मात्र बदलत नसत.

शीतलच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कराडला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. पुढच्या वर्षी संधी नव्हती. निवडीला पंधरा दिवस राहिले असताना सुभेदारांनी मुलींना घड्याळ लावून पळवायचं ठरवलं. नेमका आदल्या दिवशी त्यांचा रस्त्याकडेचा ऊस तुटला होता. संध्याकाळी त्यांनी पाचट पेटवलं, सगळेच पेटवतात तसं. "वारं न्हाई त्ये बरं हाय, धूर गावात जायाचा न्हाई," असं वर मला समजावूनही सांगितलं. वारं नव्हतं म्हणूनच सगळा धूर रस्त्यावर बसून राहिला. पहाटे त्यात धुकं मिसळलं. तिसऱ्या फेरीला शीतल कोसळली. तिला बोलताही येईना. मी तिला दम्याचा पंप दिला, गाडी काढली आणि सांगली गाठली. सुभेदार न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले होते.

शीतलला बरं वाटल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. पळताना माणूस तोंडाने श्वास घेतो, नाकाची चाळण राहत नाही आणि कितीतरी पट जास्त हवा आत ओढली जाते. अ‍ॅलर्जीने आधीच सुजलेल्या नळ्या मग धुराने आवळतात. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो, ऊन चढलं की वर जातो. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "हिला या हवेत पहाटे पळायला कोणी सांगितलं?"

सुभेदार खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "मी, सर." मग म्हणाले, "धूर बी माझाच हुता, सर."

चार दिवसांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, शिट्टी दुपारी चारला वाजली. पारावर चर्चा रंगली.

"काय सुभेदार, म्हातारपणी झोप लागाय लागली व्हय?"

"व्हय गड्या. लय ग्वाड लागतीया."

तीस वर्षांची सवय असलेला तो माणूस पहाटे उठतच होता. उठून नुसता अंगणात बसे. दुसऱ्या रानातलं पाचट त्यांनी न पेटवता सरीत तसंच कुजू दिलं. भावकी हसली. मुली रांगेत आल्या की ते आधी आकाशाकडे बघत, मग शीतलला विचारत, "औषध घेतलं? मग पळ. छाती आवळली तर थांबायचं. त्यात लाज न्हाई."

कराडला सहा मुली घेणार होते. शीतल सहावी आली. मी म्हटलं, "थोडक्यात वाचली."

"थोडक्यात कशाला? सा घ्याच्या हुत्या, सावी आली. बराबर हाय."

सुभेदार गेले त्याला दोन वर्षं झाली. परवा शाळेत नव्याने आलेले क्रीडाशिक्षक माझ्या दुकानासमोर मुलींना विचारत होते, "तुम्ही सगळ्या दुपारी चारला का पळता? बाकी गावांत तर पहाटे पळतात."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "आमच्यात असंच असतंय, सर."

मला कारण सांगता आलं असतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि चार वाजून गेले होते. मी मुलींना म्हटलं, "पळा आता, उशीर होतोय."