ढग नसताना आलेला पूर

२००६ च्या जूनमध्ये हिमाचलातल्या स्पितीला गेलो ते आईसाठी. कोडोलीच्या आमच्या बौद्ध वस्तीतून फारशी बाहेर न पडलेल्या आईला तिथल्या ताबो गावचा जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघायचा होता. सोबत मी, तिची लेक, आणि थोरला दादा. दादा पाटबंधारे खात्यातला, पाण्याचं आपल्याला सगळं कळतं असं मानणारा.

रेल्वेनं दिल्ली, बसनं मनाली. तिथून जीप केली. ड्रायव्हर दोर्जे पंचविशीचा, जीप त्याची स्वतःची. रोहतांगची खिंड ओलांडून छत्रूला तंबूच्या ढाब्यात मुक्काम केला. राजमा-भात स्वस्त आणि गरम, थंडी मात्र हाडं गोठवणारी.

जेवताना दोर्जेनं बजावलं, "सुबह पाँच बजे निकलेंगे. धूप से बर्फ पिघलती है, दोपहर में नाला गाड़ी ले जाता है."

दादा हसला. "आभाळात ढग न्हाय आन् पूर कुठनं येतोय? पंचगंगेच्या पुरात वाढलोय आम्ही."

पाचला आई जीपमध्ये बसलीसुद्धा. दादाला दाढीला गरम पाणी हवं होतं, मग पराठे, मग फोटो. दोर्जे तीनदा बोलवायला आला. आम्ही निघालो दहाला, आणि वाटेतही दादा फोटोसाठी गाडी थांबवत राहिला.

नाल्यावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. लख्ख उन्हात करडं पाणी धोंडे गडगडवत रस्त्यावरून चाललं होतं. दोर्जे म्हणाला, थांबू, पहाटे ओसरेल.

"भाडं कशाचं घेतोस? घाल गाडी," दादा म्हणाला.

दोर्जेनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मधोमध इंजिन बंद पडलं. पलीकडे रस्त्याचं काम करणारे झारखंडचे मजूर होते. त्यांनी दोर टाकला, कमरेएवढ्या बर्फाळ पाण्यात उतरून आईला पाठीवर घेतलं. आम्ही सगळे वाचलो. जीप उलटून वाहत गेली. दोर्जे काठावर उभा राहून नुसता बघत होता.

"गाडी चालवता येत न्हाय आन् निघालाय," दादा त्याच्यासमोरच म्हणाला. मी जीपच्या भरपाईचं बोलले, तर दादानं फक्त ठरलेलं भाडं दोर्जेच्या हातावर ठेवलं आणि पाठ फिरवली.

मजुराच्या घोंगडीत आई कुडकुडत होती. "मला आता कुठंबी न्हाय जायचं," एवढंच बोलली. ताबो राहिलंच. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी ओसरल्यावर, एका ट्रकनं आम्ही परत फिरलो.

तुम्ही जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. ड्रायव्हर थांब म्हणाला, तर थांबा.

घरी आल्यावर पावण्यांसमोर दादा सांगत होता, ड्रायव्हरनं कसं आम्हाला मारायला घातलं होतं. मी म्हणाले, "खोटं हाय. उशीर तू केलास, गाडी तू घालायला लावलीस. आणि मी गप्प बसले."

आतून आईचा आवाज आला, "खरं बोलतीया ती."