अंगातला गारठा

"दिवसभर कुठे बसता तुम्ही?" नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मला रागच आला. डोक्याची टाळू उघडी पडलेली दिसत असताना यांना माझ्या बसण्याची जागा कशाला हवी? मी सांगितलं, उन्हात, सुकत घातलेल्या मासोळ्या राखत. बाईंनी हातातले कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "रिपोर्टवरून तुम्हाला लुपस आहे. आणि ऊन हा आजार वाढवतं."

लुपस म्हणजे शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते. केस, सांधे, कातडी, मूत्रपिंडं, काहीही धरते. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आम्ही सिंदेवाहीकडचे ढिवर. तलावात कमरेइतक्या पाण्यात उतरून मासोळ्या धरायच्या, हे आम्हा बायकांचं काम. मला ते फार आवडायचं. पण सकाळी उठल्यावर बोटं वळेनाशी झाली. संध्याकाळी कणकण यायची. तोंडात फोड आले, आणि फणीत केसांचे पुंजके येऊ लागले.

सासूनं बघताक्षणी निकाल दिला, अंगात पाण्याचा गारठा शिरला. पाण्यात उतरणाऱ्या बाईचं काहीही दुखलं की आमच्याकडे तो गारठाच असतो आणि त्यावर औषध ऊन. तिनं मला तलावातून बाहेर काढलं. माझ्या जागी ती स्वतः पाण्यात उतरू लागली आणि मला मासोळ्यांच्या चटईजवळ कावळे हाकायला बसवलं. सकाळी अंगाला मोहाच्या बियांचं तेलही तीच चोळायची. बायका म्हणायच्या, अशी सासू नशिबानं मिळते.

मी मात्र दिवसेंदिवस खंगत गेले. गालांवर लाल चट्टे उठले. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. चंद्रपूरच्या त्वचेच्या डॉक्टरनं केसांना चाई लागली म्हणून मलम दिलं. तिसऱ्यानं सांगितलं, टेन्शन घेऊ नका. दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून कंबर धरली. सगळ्यांनी माझं डोकं पाहिलं, दिवस कसा जातो ते कोणी विचारलं नाही. म्हणून सांगते, केस जात असतील तर नुसतं डोकं दाखवून परत येऊ नका. कुठे बसता, काय करता, काय केल्यावर जास्त दुखतं, सगळं सांगा. नाही विचारलं तरी सांगा.

नागपुरात एएनए नावाची रक्ताची तपासणी झाली. शरीर स्वतःशीच भांडतंय का, हे त्यात कळतं. लघवीही तपासली. मूत्रपिंडं वाचली होती. गोळी मिळाली ती मलेरियाच्या औषधाच्या कुळातली. आमच्या जंगलात मलेरियाच्या गोळ्या काय कमी खाल्ल्या होत्या!

मी एकच विचारलं, पाण्यात उतरू का? बाई म्हणाल्या, पाण्यानं काही बिघडलं नव्हतं, ऊन तेवढं टाळा. मला रडू आलं.

परतीच्या एसटीत नवरा म्हणाला, "मायले सांगू नको. तिचं मन मोडन."

मी सासूला काही सांगितलं नाही. ताप थांबला, बोटं वळू लागली, विरळ का होईना केस आले. आता उजाडताच तलावात उतरते आणि ऊन चढायच्या आत सावलीत परत येते. त्या गोळीचे आणि त्या एका प्रश्नाचे उपकार मानते. पण सासू गावभर सांगत सुटली, "म्याच बरी केली तिले. उन्हात बसवून गारठा काढला." ते ऐकून माझ्या तोंडात पुन्हा फोड आल्यासारखं व्हायचं.

एकदा तलावाच्या पाळीवर, चार बायकांसमोर ती हेच सांगत होती. माझा धीर सुटला. डॉक्टरबाई उन्हाबद्दल जे बोलल्या ते सगळं सांगून टाकलं. बायका जाळ्यांशी चाळा करत राहिल्या. सासूचा चेहरा उतरला.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं, उन्हानं तरास होते म्हनून?"

"रोज सांगत होती माय. तू म्हने, गारठा निंगून राह्यला."