रुखवतातली चिंच

प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं झाड करायचंच असेल तर आंबा करावा, चिंच करू नये, हे आमच्या ह्यांचं मत मी ऐकायला हवं होतं. पण नवऱ्याचं ऐकून पस्तावलेल्या बायका मी जास्त पाहिल्या आहेत, म्हणून ऐकलं नाही.

ठोकळे आमच्या मुलाचे. एकमेकांत टच्चदिशी बसणारे, ज्यांची लहान मुलं घरं आणि गाड्या करतात, ते. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची ही बादलीभर इस्टेट केडगावच्या घरात माझ्या पायाखाली येत राहिली. अनवाणी पायाला तो ठोकळा ज्याला कधी लागलाय त्याला जास्त सांगायला नको. एका दुपारी रागारागानं बादली घेऊन बसले आणि दारातला लिंब करायला घेतला. तपकिरी खांब, त्यावर हिरवा गोळा. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "फ्लॉवर लई ब्येस जमलाय." त्या एका वाक्यानं मी पेटले.

मग मी झाडांकडं बघायला लागले. जीपमधून, गच्चीवरून, बाजारात मेथी निवडता निवडता. लोकांना वाटायचं, बाईची मान धरलीय. झाड खांबासारखं नसतंच मुळी. बुंधा खाली फुगतो, मधे कुठंतरी अंग चोरतो. पानांचा गोळा करून भागत नाही, मधून मधून आभाळ दिसावं लागतं. बिजागरीसारखे वळणारे बारके तुकडे मिळतात, ते लावले की फांदीला हवा तसा झोक देता येतो. हिरवे तीन-चार जातींचे मिसळायचे, थोडा पिवळट घालायचा आणि एखादी फांदी वाळकी ठेवायची. वाळकी फांदी नसलेलं झाड खोटं दिसतं. एवढी विद्या मी कमावली, आणि तीच मला नडली.

माझं माहेर मांडवगण फराटा. तिथं दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वहिनी. दादाचं आणि माझं बोलणं बंद होतं. वडील गेल्यावर बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची आणि दरवर्षी भाऊबीजेला साडी घेऊन गप बसायचं, ही आमच्याकडची रीत. मी सही केली नाही. जमिनीचा मोह नव्हता असं म्हटलं तर ह्यांना हसू येईल, म्हणून म्हणत नाही. पण दादानं मला विचारलं नव्हतं. कागद पुढं सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन हातात दिला. मला त्या काढलेल्या टोपणाचा राग आला. त्यानंतर कांदाचाळ बांधायला त्यानं विहिरीवरची चिंच तोडली. तेही मला दुसऱ्यांकडून कळलं.

आणि दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं मला फोन केला, आईबापाला चोरून.

"आत्या, माझ्या रुखवतात मला आपली चिंच पाहिजे. तुझ्या त्या ठोकळ्यांची."

"अगं, तुझी आई मला मांडवात तरी घेईल का?"

"पत्रिका आलीय ना तुला?"

"आलीय. कुरिअरनं."

"मग झालं. हे बघ, मी सगळा अभ्यास त्या चिंचेखाली केला. पप्पांनी तोडताना मला विचारलं सुद्धा नाही. रुखवतातलं सगळं माझ्याबरोबर सासरी येणार ना? मग ती बी येईल. मला दुसरं काही नको तुझ्याकडून."

दुसरं काही नको म्हणणाऱ्या पोरीला नाही म्हणता येत नाही. मी चिंच केली. जुना फोटो एकच होता आणि त्यात चिंचेपेक्षा दादाची नवी मोटरसायकल जास्त दिसत होती, त्यामुळं बाकीचं आठवून आठवून केलं. चिंचेच्या बारीक पानांनी माझा जीव काढला. पण उभी राहिली तेव्हा मी स्वतःच दोन पावलं मागं सरले.

कार्यालय तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्याला होतं. ह्यांनी झाड मांडीवर घेऊन भाड्याच्या जीपमधून आणलं. दर गतिरोधकाला झाडाची पानं गळत होती आणि ह्यांच्या तोंडून शब्द. भाचीनं पळत येऊन ते रुखवताच्या टेबलावर मधोमध ठेवलं, एका बाजूला लाडूंचा डोंगर, दुसऱ्या बाजूला लोकरीची बैलगाडी. तेवढ्यात वहिनी आल्या.

"हे काय हाय, वन्सं?"

"झाड हाय."

"ते दिसतंय मला. कशाचं?"

"चिंच आहे, मम्मी," भाची म्हणाली.

वहिनींनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "पोरीच्या रुखवतात चिंच? चिंचेवर काय ऱ्हातं, ठावं हाय ना तुमास्नी?"

"वहिनी, प्लास्टिकची हाय. हिच्यावर ऱ्हायला आली तर पाल येईल."

"आन् ही वाळकी फांदी? लग्नाच्या मांडवात वाळकं लाकूड? लोकं काय म्हणत्याल?" त्यांनी घड्याळ बघितलं. "आंबा करा हिचा. ठोकळंच हायती ना? काढा आन् लावा. नवरदेवाकडची यायला येळ हाय अजून."

वाईट ह्याचं वाटलं की त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. चिंचेचं झाड रुखवतात न्यायचं नसतं, हे मला, चिंचेखालून दिवेलागणीला पळत घरी येण्यात ज्या मुलीचं बालपण गेलं तिला, सुचायला हवं होतं. मी पानांच्या रंगात इतकी बुडाले होते की भूत विसरले.

"आंबा नको," भाची म्हणाली. "आंबा आपल्याकडं नव्हताच."

तेवढ्यात भावकीतले आप्पा, माझे चुलत चुलते, लाडू बघायला म्हणून आले आणि झाडापाशी थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"आरं तिच्यायला! ही तर विहिरीवरची आपली! हुबेहूब!" मग माझ्याकडं वळून डोळे मिचकावत म्हणाले, "पोरी, मोजणीवाल्याची गरजच ठिवली न्हाई की तू. वाटणीचा नकाशाच घिऊन आलीस!"

आजूबाजूची चार माणसं हसली. कुणीतरी हुबेहूब म्हणावं म्हणून मी आजवर जीव टाकत होते. म्हटलं, आणि नेमकं तिथं म्हटलं.

"मला वाटलंच," वहिनी म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "हक्क सांगायलाच आलाय तुम्ही. पोरीच्या लग्नाचं बी काय वाटलं न्हाई."

"वहिनी, देवाशपथ..."

"देवाला मधी घेऊ नगा. त्यो बी आज कामात हाय."

गलका ऐकून दादा आला. डोक्याला फेटा, हातात पानाचा विडा. त्यानं झाडाकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, उचलून फेकतो आता. मग तो माझ्याशी बोलला. सहीच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"ही फांदी हिकडं न्हवती. विहिरीच्या अंगाला व्हती."

"हिकडंच व्हती. गोठ्याकडं."

"विहिरीकडं."

"तू तोडलीस, मी जोडलीय. कुणाला जास्त आठवल?"

"मी तोडलीय म्हणूनच सांगतोय," दादा म्हणाला. "सगळ्यात शेवटी तीच ऱ्हायली व्हती."

ह्यावर मी काही बोलायला हवं होतं की नको, ते ठरवायच्या आत त्यानं फांदीला हात घातला. शेतकऱ्याचा हात. बिजागरी टक्कन तुटली, पानांचा सडा लाडवांवर पडला. "सोड!" मी ओरडले. "तूच सोड!" तो म्हणाला. दोन पिकल्या केसांची माणसं एका खेळण्याला झोंबत होती, आणि बाहेर नवरदेवाचा बँड वाजायला लागला. वहिनींनी शेजारच्या खुर्चीवरची चादर ओढली, झाड तिच्यात गुंडाळलं आणि फांदीसकट टेबलाखाली सरकवून दिलं. मग चेहऱ्यावर हसू चढवून व्याह्यांना सामोऱ्या गेल्या. ती कला मला आजवर जमलेली नाही.

लग्न लागलं. अक्षता टाकताना मी नवरा-नवरीकडं कमी आणि टेबलाकडं जास्त बघत होते.

पाठवणीच्या वेळी रुखवत टेम्पोत भरलं. लाडू गेले, बैलगाडी गेली. भाची गाडीच्या दारापाशी थांबली.

"चिंच?"

"ऱ्हायली," वहिनी म्हणाल्या. "टेम्पोत जागा न्हाई."

"मग टेम्पो जाऊ दे. मी बी ऱ्हाते."

"हळू बोल. सासू उभी हाय तुझी."

"आईंना सांगितलंय मी. त्या म्हणल्या, आण."

वहिनी दादाकडं बघत राहिल्या. दादा कुणाकडंच बघत नव्हता. मग तो वळला, आत गेला आणि फेट्यासकट टेबलाखाली वाकला. बाहेर आला तेव्हा झाड त्याच्या हातात होतं. तुटलेली फांदी त्यानं तिथंच बसून दाबून बसवली होती, विहिरीच्या अंगाला. चूक बाजूला, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण भाची माझ्याकडं बघत होती, म्हणून जीभ आवरली.

भाची गाडीत बसली, तसं दादानं झाड तिच्या मांडीवर ठेवलं. नवरदेव शेजारी बसायला गेला आणि त्याच्या मुंडावळ्या फांदीत अडकल्या. तो सोडवायला गेला तर आणखी गुंतल्या. करवली हसली, मग व्याही हसले, मग बँडवाले. भाचीलाही हसू आवरेना. नवरदेव एका हातानं फांदी आणि दुसऱ्या हातानं मुंडावळ्या धरून कसाबसा आत शिरला, दार लागलं आणि गाडी शिरूरच्या रस्त्याला लागली.

वहिनी पदर डोळ्यांपर्यंत नेऊन तशाच उभ्या होत्या. डोळे कोरडे. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्या माझ्याकडं वळल्या.

"पोटची पोर गेली," त्या म्हणाल्या, "आन् मला रडू बी दिलं न्हाई तुम्ही."

आम्ही अजून जेवलो नव्हतो. पंगतीचं विचारायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं, आणि ह्यांना म्हटलं, जीप बोलवा.